साखरपुड्यात भेटलेल्या उद्योजकांना नोकरीसंबंधी ईमेल कसा लिहावा?

हिंगणा_मार्ग

नमस्कार मंडळी. मी अन्नतंत्रज्ञानाची पदवी घेतली असून काही वर्षांपासून नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतील एका अन्नपरीक्षण प्रयोगशाळेच्या रासायनिक विभागात काम करते. गेल्या रविवारी त्रिमूर्तीनगरातील एका सभागृहात माझ्या मावसबहिणीचा साखरपुडा होता. तिथे मावसाजींनी मुलाकडच्या एका पाहुण्यांशी माझी ओळख करून दिली. त्यांच्या कुटुंबाचा बुटीबोरीला फळांचा रस आणि गर तयार करण्याचा कारखाना आहे. जेवणाच्या वेळी सुरू झालेले आमचे बोलणे बराच वेळ चालले आणि ते जवळजवळ सगळे एकाच प्रश्नाभोवती होते : नागपुरी संत्र्याचा काढलेला रस काही वेळाने कडू का लागतो आणि कारखान्यात ते कसे तपासतात. निघताना ते म्हणाले, "अंबिया बहाराच्या आधी आम्हाला प्रयोगशाळा वाढवायची आहे, तुमची माहिती पाठवून द्या." (अंबिया म्हणजे संत्र्याचा ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येणारा हंगाम.) त्यांनी स्वतःचे कार्डही दिले.

पदाची जाहिरात निघालेली नाही, मुलाखत झालेली नाही आणि भेट तर घरगुती कार्यातली. अशा वेळी किती मोकळेपणाने लिहावे, बायोडाटा लगेच जोडावा का, आणि मावसाजींचे नाव कुठे घ्यावे, हे मला ठरवता येत नाही. पहिला मसुदा खाली देते.

"आदरणीय महोदय, सर्वप्रथम आपला अमूल्य वेळ घेत असल्याबद्दल क्षमा मागते. आपणास माझे स्मरण असेल की नाही याची कल्पना नाही, परंतु रविवारी आपल्यासारख्या अनुभवी उद्योजकांचे मार्गदर्शन लाभले हे मी माझे भाग्य समजते. आपल्या नामांकित कंपनीत माझ्या पात्रतेनुसार कोणतीही संधी उपलब्ध असल्यास कृपया माझा विचार व्हावा ही नम्र विनंती. सोबत बायोडाटा जोडत आहे. आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत."

निवृत्त_मनुष्यबळ

ताई, मी नोकरभरतीच्या कामात आयुष्य घालवले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचा मसुदा विनम्र आहे, पण तो शहरातल्या कोणत्याही कारखानदाराला, कोणत्याही पदासाठी, जसाच्या तसा पाठवता येईल. त्यात संत्रे नाही, रस नाही, प्रयोगशाळा नाही. रविवारी जे बोलणे झाले ते तुमच्या दोघांतच झाले होते, आणि तीच तुमची खरी ओळख आहे. ती बाजूला ठेवून तुम्ही स्वतःला अनोळखी अर्जदार करून घेतले आहे. त्यांनी माहिती मागितली म्हणून तुम्ही पाठवत आहात, एवढे पहिल्या दोन ओळींत आले की क्षमा मागण्याचे कारणच उरत नाही.

दुसरी गोष्ट अशी की "कोणतीही संधी असल्यास" या शब्दांमुळे वाचणाऱ्यावर काम पडते. तुम्हाला कुठे बसवायचे हे त्यांनीच शोधायचे, असा त्याचा अर्थ होतो. लहान आणि मध्यम कारखान्यांत मनुष्यबळ विभाग असा वेगळा नसतो, मालक स्वतःच सगळे पाहतात. ते ईमेल मोबाइलवर, बहुधा दोन कामांच्या मध्ये, उघडतात आणि ज्याला लगेच उत्तर देता येते त्यालाच उत्तर देतात. म्हणून विनंती एकच ठेवावी आणि ती त्यांना एका ओळीत मान्य किंवा अमान्य करता येईल अशी असावी. नोकरी मागण्यापेक्षा कारखान्यातली प्रयोगशाळा पाहण्याची आणि अर्धा तास बोलण्याची वेळ मागा. नोकरीचा निर्णय त्यांना आज घेता येणार नाही, भेटीचा घेता येईल.

विषयाच्या ओळीत नुसते "बायोडाटा" किंवा "नोकरीबाबत" लिहू नका. अशा विषयाचे ईमेल त्यांच्याकडे रोज येत असतील. "रविवारची त्रिमूर्तीनगरातील भेट : संत्रा रसाची चाचणी आणि माझी माहिती" असे काही लिहा. त्यांनी त्या दिवशी शंभर माणसांना नमस्कार केला असेल, तरी संत्र्याच्या कडवटपणावर बोलणारी मुलगी एकच होती.

आणि उशीर करू नका. भेटीनंतर एकदोन दिवसांत गेलेले पत्र बोलण्याचा पुढचा भाग वाटते. पंधरा दिवसांनी गेले तर आधी आठवण करून देण्यातच चार ओळी खर्च होतात.

धरमपेठकर

वरचे सगळे मान्य आहे. मला मावसाजींविषयी लिहायचे आहे, कारण आपल्याकडे खरी गाठ तिथे असते. हे पाहुणे मुलाकडचे, म्हणजे आता तुमच्या मावशीच्या घराचे सोयरे झाले. साखरपुडा झाला आहे, लग्न व्हायचे आहे. या काळात मुलीकडच्या माणसाने काही मागितले तर मुलाकडच्यांना नाही म्हणणे जड जाते, आणि जड मनाने दिलेला होकार पुढे दोन्ही घरांना त्रास देतो.

म्हणून ईमेल पाठवण्यापूर्वी मावसाजींना फोन करून सांगा की त्यांनी माहिती मागितली होती, ती मी पाठवते आहे. परवानगी मागण्याची गरज नाही, पण दुसऱ्याच्या तोंडून कळले तर त्यांना वाईट वाटेल. ईमेलमध्ये त्यांचे नाव ओळख कोणी करून दिली एवढ्यापुरते एकदाच यावे. प्रत त्यांना पाठवू नका. मावसाजी पत्रात साक्षीला बसले आहेत असे दिसले की मालक अर्जदाराला नव्हे, सोयऱ्यांना उत्तर लिहितील.

वर्धा_रोड

मला हे पूर्णपणे पटत नाही. विदर्भातल्या घरगुती उद्योगांत विश्वासाच्या माणसाच्या शब्दावरच माणसे घेतली जातात, आणि त्यात काही गैर आहे असे मला वाटत नाही. मावसाजींनी एक फोन केला तर ईमेल किमान उघडला तरी जाईल. शहरातील कितीतरी होतकरू मुले केवळ कोणी फोन करणारे नाही म्हणून मागे राहतात. ज्यांच्याकडे तो आधार आहे त्यांनी तो संकोचाने का टाकावा?

धरमपेठकर

आधार टाकावा असे मी म्हटलेले नाही. मावसाजींनी ओळख करून दिली, तेव्हा तो आधार वापरून झाला. त्यापुढे ताई स्वतः बोलल्या आणि समोरच्या माणसाने माहिती मागितली ती त्यांच्या ज्ञानामुळे. आता फोन गेला तर तीच गोष्ट उपकारात जमा होईल. शिवाय काम जमले नाही आणि त्यांना सोडायचे झाले, किंवा कारखान्याला त्यांना काढायचे झाले, तर तो निर्णयही मग दोन घरांमध्ये बसून घ्यावा लागेल. ईमेलला उत्तरच आले नाही तर मावसाजींनी सहज विचारायला हरकत नाही, पण ती नंतरची गोष्ट आहे.

बुटीबोरी_दुसरी_पाळी

मी फळप्रक्रिया उद्योगात उत्पादनाकडे आहे, त्यामुळे पत्रातील तांत्रिक भाग कसा असावा ते सांगू शकतो. नवीन मुले इथे एक तर काहीच लिहीत नाहीत, नाहीतर पाठ्यपुस्तक उतरवून काढतात.

संत्र्याचा कडवटपणा आमच्या धंद्यात कोणालाच नवा नाही. फळाच्या पेशींत जो पदार्थ असतो तो आधी कडू नसतो. रस काढल्यावर आम्लाच्या संपर्कात तो हळूहळू लिमोनिन या कडू पदार्थात बदलतो, म्हणूनच ताजा रस गोड लागतो आणि ठेवलेला कडू होतो. बिया चिरडल्या गेल्या किंवा साल आणि पडदे जास्त दाबले गेले तर त्रास वाढतो. नारिंगीन हा कडवटपणाचा आणखी एक घटक आहे. रस कडू घटक शोषून घेणाऱ्या विशिष्ट रेझिनच्या थरातून नेऊन कडवटपणा कमी करता येतो. आपल्या अमरावती मार्गावरील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेमुळे हा विषय नागपुरात तर घरचाच आहे. हे सगळे मालकांना ठाऊक असणार. त्यांना ते पुन्हा समजावून सांगू नका, आणि "मी आपला प्रश्न सोडवू शकते" असेही लिहू नका, कारण त्यांची यंत्रे, त्यांचा माल आणि त्यांचा खर्च तुम्ही अजून पाहिलेला नाही.

त्यांना माहीत नसलेली गोष्ट एकच आहे : तुम्ही स्वतःच्या हाताने काय काय केले आहे. एचपीएलसी यंत्र (द्रवातील घटक वेगळे करून मोजणारे) तुम्ही स्वतः चालवता की केवळ अहवालावर सही करता? ब्रिक्स (रसातील विरघळलेल्या, मुख्यतः साखरेच्या, घटकांचे प्रमाण) आणि आम्लता मोजून पक्वतेचे गुणोत्तर काढण्याचे काम रोजचे आहे का? नवी चाचणी पद्धत बसवून ती खात्रीलायक ठरवण्याचा अनुभव आहे का? कारखान्यात प्रयोगशाळा वाढवायची म्हणजे नुसते यंत्र विकत घेणे नव्हे. नमुने कुठून, किती वेळाने घ्यायचे, निकाल उत्पादन थांबण्याच्या आत कसा द्यायचा, हे बसवणारा माणूस लागतो. तुम्ही यांतले काही केले असेल तर तेवढी दोन वाक्ये बायोडाट्याच्या दोन पानांपेक्षा जास्त काम करतील.

हंगामाचाही विचार करा. अंबियाची फळे साधारण ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत येतात. त्या काळात आमच्याकडे मान वर करायला वेळ नसतो आणि नव्या माणसाला शिकवायला कोणी मोकळे नसते. त्यांनी "अंबियाच्या आधी" म्हटले ते सहज म्हटलेले नाही. तुमचा नोटिस कालावधी किती आहे ते पत्रात लिहा, म्हणजे त्यांना गणित मांडता येईल.

कागदपत्र_तपासा

ताई, एक महत्त्वाची गोष्ट अजून कोणी विचारलेली नाही. तुमच्या सध्याच्या प्रयोगशाळेकडे या कारखान्याचे नमुने तपासणीसाठी येतात का?

हिंगणा_मार्ग

होय, अधूनमधून येतात. नमुन्यांना संकेतांक दिलेले असतात, तरीही कोणता माल कोणाचा हे आम्हाला बहुतेक वेळा कळते. रविवारी मी त्याविषयी काहीही बोलले नाही. पण आता लिहिताना मनात शंका येते की हे लपवल्यासारखे होईल का.

कागदपत्र_तपासा

न बोलणे हेच योग्य होते. एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता असलेल्या प्रयोगशाळा आयएसओ १७०२५ या मानकानुसार चालतात आणि ग्राहकांची माहिती गोपनीय ठेवणे हे त्या मानकातले बंधन आहे. ते प्रयोगशाळेवर आहे, तसेच तिथे काम करणाऱ्यांवरही आहे. म्हणून ईमेलमध्ये त्यांच्या नमुन्यांचा उल्लेख नको आणि इतर कोणत्याही रस उत्पादकाच्या निकालाचा तर मुळीच नको, नाव न घेताही नको. "दुसऱ्या एका कारखान्यात आम्हाला असे आढळले" हे वाक्य वाचून चाणाक्ष मालकाच्या मनात पहिला विचार हाच येईल की ही व्यक्ती उद्या आमचे आकडेही असेच सांगेल. प्रत्यक्ष भेटीत त्यांनी स्वतःहून विषय काढला, तर नोकरीतील निकालांविषयी मला बोलता येणार नाही असे सरळ सांगा. त्याने तुमची किंमत वाढेलच.

नियुक्तिपत्र काढून नीट वाचा. ग्राहकाकडे नोकरी न करण्याची अट काही ठिकाणी घातलेली असते. भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील कलम २७ नुसार व्यवसाय करण्यास मनाई करणारा करार त्या मर्यादेपर्यंत शून्य ठरतो, त्यामुळे नोकरी सोडल्यानंतर अशी अट टिकवणे मालकाला अवघड असते. पण गोपनीयतेचे बंधन आणि नोटिस कालावधी या वेगळ्या गोष्टी आहेत, त्या पाळाव्याच लागतात. अट सापडली तर वकिलाला ते पत्र दाखवून मगच पुढे जा.

आणि हा ईमेल कार्यालयाच्या पत्त्यावरून, कार्यालयाच्या संगणकावरून किंवा कार्यालयाच्या वेळेत पाठवू नका. सध्याच्या मालकाच्या वेळेत दुसरी नोकरी शोधणाऱ्याविषयी नव्या मालकाचेही मत चांगले होत नाही. रात्री लिहून झाले तर जीमेलमध्ये पाठवण्याची वेळ आधी ठरवून ठेवता येते, ती सकाळची द्या.

सदर_सिव्हिल_लाइन्स

भाषेचा प्रश्न उरला आहे. बोलणे मराठीत झाले असेल आणि कार्ड इंग्रजी असेल, तर माझ्या मते पत्र मराठीत आणि बायोडाटा इंग्रजीत पाठवावा. पत्र त्यांच्यासाठी आहे, बायोडाटा पुढे कारखान्याच्या व्यवस्थापकाकडे किंवा सल्लागाराकडे जाऊ शकतो. बायोडाटा पीडीएफ स्वरूपात असावा आणि फाइलच्या नावात तुमचे नाव आणि "अन्न प्रयोगशाळा" असे काही यावे. "नवीन बायोडाटा अंतिम २" अशा नावाची फाइल त्यांच्या फोनमध्ये पुन्हा कधीच सापडणार नाही.

हिंगणा_मार्ग

सर्वांचे मनापासून आभार. मावसाजींशी बोलले, त्यांना आनंद झाला आणि "मी मध्ये पडत नाही, तू लिही" असे ते म्हणाले. नियुक्तिपत्रात ग्राहकाविषयीची अट नाही, नोटिस कालावधी एक महिन्याचा आहे. नवा मसुदा असा आहे.

विषय : रविवारची त्रिमूर्तीनगरातील भेट : संत्रा रसाची चाचणी आणि माझी माहिती

"आदरणीय साहेब,

सप्रेम नमस्कार. रविवारी साखरपुड्यात माझ्या मावसाजींनी आपली ओळख करून दिली आणि साठवणीतील संत्रा रसाच्या कडवटपणाविषयी आपल्याशी बोलता आले. आपण सांगितल्याप्रमाणे माझी माहिती पाठवत आहे.

मी हिंगणा येथील अन्नपरीक्षण प्रयोगशाळेत रासायनिक विभागात काम करते. एचपीएलसी यंत्रावरील चाचण्या मी स्वतः करते आणि फळांच्या रसांची ब्रिक्स, आम्लता व इतर नेहमीची तपासणी माझ्याकडे असते. गेल्या वर्षी आमच्या विभागात एक नवी चाचणी पद्धत बसवण्याचे काम माझ्याकडे होते, त्यात नमुना तयार करण्यापासून निकालाची खात्री करण्यापर्यंतचे टप्पे मी पूर्ण केले.

रस काढल्यानंतर ठरावीक अंतराने कडवटपणा मोजावा, असे आपण म्हणाला होता. ते उत्पादन चालू असताना कसे बसवता येईल हे मला प्रत्यक्ष जागेवर समजून घ्यायला आवडेल. आपल्या सोयीच्या एखाद्या शनिवारी कारखान्यातील प्रयोगशाळा पाहून आपल्याशी अर्धा तास बोलता येईल का?

माझा नोटिस कालावधी एक महिन्याचा आहे. बायोडाटा सोबत जोडला आहे.

आपली नम्र,"

खाली नाव आणि मोबाइल क्रमांक राहील.

निवृत्त_मनुष्यबळ

हे पत्र वाचून मला फार समाधान वाटले. दोनच बदल सुचवतो. "आदरणीय साहेब" ऐवजी त्यांचे आडनाव घालून "आदरणीय अमुक साहेब" लिहा. कार्डावर नाव असताना नुसते "साहेब" लिहिले की पत्र सर्वांना पाठवल्यासारखे दिसते, आणि आडनावाचे लेखन कार्डावर आहे तसेच ठेवा. दुसरे, नोटिस कालावधीच्या वाक्यात "त्यामुळे अंबिया बहाराच्या आधी रुजू होणे शक्य आहे" एवढे जोडा. त्यांनी सांगितलेली अडचण तुम्ही लक्षात ठेवली आहे हे त्यातून दिसेल.

पाठवण्याआधी जोडलेली फाइल स्वतःच्या फोनवर एकदा उघडून पाहा.

वर्धा_रोड

माझा फोनचा आग्रह मी मागे घेतो. हे पत्र स्वतःच्या पायावर उभे आहे. पण उत्तर आले नाही तर किती दिवस थांबावे, हेही कोणी सांगावे.

निवृत्त_मनुष्यबळ

साधारण आठवडाभर थांबावे. नंतर नवा ईमेल न लिहिता त्याच ईमेलखाली दोन ओळी लिहाव्यात, म्हणजे जुना मजकूर त्यांच्या समोर राहतो. "आपण व्यस्त असाल" अशी प्रस्तावना नको आणि "माझा ईमेल मिळाला का" अशी विचारणाही नको, कारण दोन्हींतून तक्रारीचा सूर येतो. एखादी नवी, उपयोगाची गोष्ट असेल तर ती लिहून भेटीची विनंती पुन्हा करावी. त्यालाही उत्तर आले नाही तर तिथे थांबावे. लग्नात पुन्हा गाठ पडेलच, तेव्हा त्यांनी विषय काढला नाही तर आपणही काढू नये. ते घरचे कार्य आहे.

हिंगणा_मार्ग

दुरुस्त्या करून मंगळवारी सकाळी ईमेल पाठवला होता. आज उत्तर आले. साहेबांनी स्वतः दोन ओळी लिहिल्या आहेत : "माहिती मिळाली. आमच्या कारखाना व्यवस्थापकांना प्रत ठेवली आहे, त्यांच्याशी वेळ ठरवा." व्यवस्थापकांकडून अजून काही आलेले नाही. मी थांबावे, की मीच त्यांना लिहावे? लिहिले तर साहेबांनी पाठवले असे सांगून लिहिणे त्यांना दडपणासारखे वाटेल का?

बुटीबोरी_दुसरी_पाळी

तुम्हीच लिहा आणि आजच लिहा. "त्यांच्याशी वेळ ठरवा" हे तुम्हाला सांगितले आहे, व्यवस्थापकांना नव्हे. त्याच ईमेलवर सर्वांना उत्तर द्या, म्हणजे साहेबांनी पाठवल्याचे वेगळे सांगावे लागणार नाही. साहेबांचे एका ओळीत आभार माना आणि बाकीचे पत्र व्यवस्थापकांना उद्देशून लिहा. उद्या रोज तुमच्यासोबत काम करणार आहेत ते हेच, आणि मालकाच्या ओळखीतून आलेल्या माणसाविषयी त्यांच्या मनात थोडी शंका असणे स्वाभाविक आहे. म्हणून साखरपुडा आणि मावसाजी यांचा उल्लेख आता पुन्हा नको. असे लिहिता येईल :

"साहेब, आपल्या उत्तराबद्दल मनापासून आभार.

अमुक सर, नमस्कार. आपल्या प्रयोगशाळेतील सध्याची कामाची पद्धत आणि नमुने घेण्याची व्यवस्था मला आपल्याकडून समजून घ्यायची आहे. येत्या किंवा त्यापुढील शनिवारी, पाळी बदलण्याची वेळ सोडून आपल्याला सोयीची असेल ती वेळ कळवावी. प्रवेशद्वारावर कोणते ओळखपत्र लागेल आणि कारखान्यात येण्यासाठी बूट वा पोशाखाचा काही नियम असल्यास तोही कृपया कळवावा."

शेवटचे वाक्य गाळू नका. उत्पादनाच्या भागात बांगड्या, अंगठी, घड्याळ चालत नाही आणि केस झाकावे लागतात, हे ज्याला आधीच माहीत असते त्याला आमच्याकडचे व्यवस्थापक लगेच आपला मानतात.

हिंगणा_मार्ग

पाठवला. शनिवारी सकाळी अकराची वेळ मिळाली आहे आणि बंद बूट घालून या असे त्यांनी कळवले आहे.